आंब्याच्या ढोलीतलं अंडं

नातीच्या शाळेतून एक कागद आला आहे. जोड्या लावा. डावीकडे प्राण्यांची चित्रं, उजवीकडे त्यांचं खाणं. खार, वटवाघूळ, पोपट, कोल्हा, वानर. जमिनीवर पालथी पडून, जीभ दातांत धरून ती पेन्सिलीनं रेघा ओढत होती. वानरापासून निघालेली रेघ तिनं पट्टी लावून झाडाच्या पानांपर्यंत नेली आणि विचारलं, "आजी, बरोबर ना?"

मी मान हलवली. नेमकी त्याच वेळी खालून, आमच्या कॉलनीच्या वळणावरून, हातगाडीवाल्याची आरोळी आली. निफाडची द्राक्षं. माझी मान अर्ध्यात थांबली.

दर माघ-फाल्गुनात हे असं होतं. पहिला घड हातात घेतला की त्याच्या गोड वासामागून फवारणीच्या औषधाचा वास येतो, आणि त्याच्याही मागून एक पिवळा रंग. ओला, चिकट, उन्हात चमकणारा पिवळा. घरात द्राक्षं आली की मी ती धुते, पुसते, ताटलीत मांडते, सगळ्यांना देते. मुलगा म्हणतो, "आई, तू घे ना." मी घेते. पण पहिला मणी तोंडात टाकायच्या आधी क्षणभर थांबते. इतकी वर्षं झाली, तरी थांबते.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. मी नाशकात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुटीत गावी आले होते. गाव निफाडजवळ, गोदावरीच्या काठाला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले ती आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आई-वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आप्पा आणि त्यांची बायको, माझी मोठी आई, हेच माझं घर. पोरीला नाशकाच्या वसतिगृहात ठेवणार म्हटल्यावर पारावरचे लोक हसले होते. आप्पा त्यांना म्हणाले, "हसा. पन आपल्या घरात एक तरी मानूस असं पायजे, का ज्याला इचारलं तर पुस्तकात बघून खरं काय ते सांगंल."

हे वाक्य माझ्या पाठीवर ठेवलेल्या हातासारखं मी कॉलेजभर घेऊन फिरले. ते असं माझ्यासमोर येऊन उभं राहील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, शनिवारी मारुतीला तेल, एकादशीला निरंकार उपवास. वाटेत अंड्याचं टरफल दिसलं तरी वळसा घालून जाणारे. त्या वर्षी त्यांच्या द्राक्षबागेचा पहिला बार, पहिलंच पीक होतं. गावात बागा नवीनच येत होत्या. आप्पा सकाळ-संध्याकाळ मांडवाखाली वाकून फिरत आणि घडांना हात न लावता, नुसते खालून बघत. बाळ झोपलेल्या पाळण्यात डोकावावं तसे.

मी त्याच मांडवाखाली गोणपाट टाकून अभ्यासाला बसायचे. त्या हिरव्या उजेडाची सर कुठल्या वाचनालयाला येणार नाही. पुस्तकात प्राण्यांचे दात, जबडे, जठरं. आणि डोक्यावर प्रत्यक्ष पंगत. खार एकच मणी तोडायची, दोन्ही हातांत धरून फिरवत फिरवत सोलायची, आणि अर्धा टाकून पळायची. बुलबुल नुसतं भोक पाडून उडून जायचा. पोपटांचा थवा आला तर खायचा थोडं आणि सांडायचा फार. तिन्हीसांजेला नदीकाठच्या उंबरावरून वटवाघळं निघत. ती फळ चावून रस गिळतात आणि चोथा थुंकतात, म्हणून सकाळी बांधावरच्या नांदुरकीच्या झाडाखाली चोथ्याच्या वाळक्या गोळ्या पडलेल्या असत. उसातला कोल्हा बोरीखाली पडलेली बोरं खाऊन जायचा, त्याच्या विष्ठेत नुसत्या बिया. मी आठवीत असताना कोल्हा बोरं खातो हे ऐकून थक्क झाले होते. मला वाटायचं, सुळे असलेला प्राणी मांसच खाणार. कोण काय खातं हे आपण त्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो, आणि मग तो तसाच वागेल अशी अपेक्षा करतो.

आप्पांचं या सगळ्यांशी फारसं बिनसलं नव्हतं. "चार घड गेले तर गेले. त्यांनी कुठं मांडव घालायचा?" असं म्हणत. त्यांचं बिनसलं ते उदमांजराशी.

उदमांजर म्हणजे मांजरापेक्षा लांबट, काळपट, झुबकेदार शेपटीचं जनावर. दिवसा झाडाच्या फांदीत नाहीतर घराच्या आढ्यात झोपतं, रात्री फळं शोधत हिंडतं. बांधावर आमचं जुनं आंब्याचं झाड होतं. त्याच्या फांदीवरून ते मांडवाच्या तारेवर उतरायचं आणि प्रत्येक घडातले फक्त पिकलेले, साखर भरलेले मणी वेचून खायचं. एक घड संपवून गेलं असतं तर आप्पा काही बोलले नसते. ते इथला एक मणी, तिथले दोन, असं ओळच्या ओळ चाखत जायचं. भोकं पडलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही. आप्पांनी रिकामे डबे टांगले, बाभळीचे काटे बांधले, कंदील लावून ठेवला. सकाळी डबे जागच्या जागी, आणि घडाला नवीन भोकं.

पुढचं मी येण्याआधी घडलं. मोठी आईनं मी आल्यावर मला सांगितलं, आणि अन्साबाईनं त्याहून रंगवून. अन्साबाई म्हणजे आमच्या मागच्या आळीतली म्हातारी. तिच्या कोंबड्या गावभर हिंडायच्या आणि तिचं तोंड त्यांच्याही पुढे. आप्पा तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अन्सा, अंडी हायेत का?"

"आगं बया! आप्पा, माळ खुंटीला टांगली का काय?"

"तोंड आवर. उदमांजरासाठी पायजेत."

"उदमांजराचे लाड! माझी तलंग कोंबडी उचलून नेली तवा न्हाय कुनाला लाड सुचले. आमलेट करून देऊ का, का उकडून? कांदा हाय घरात."

आप्पांनी पळसाचं पान आणलं होतं. पानात धरूनच त्यांनी अंडी उचलली, बोटाला टरफल लागू दिलं नाही. अन्साबाई म्हणाली, "आवं, अंडं हाय ते. इंगळ न्हाय."

त्या अंड्यांत आप्पांनी फवारणीचं औषध घातलं.

घातलं, पण किती काळजीनं! कुत्र्यांना सापडू नये म्हणून अंडं खाली ठेवलं नाही, आंब्यावर ठेवलं. कावळा अंडं खातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि कावळा म्हणजे पितर, त्याला कसं मारायचं? म्हणून फांदीच्या बेचक्यात नाही, तर खोडाच्या खोल ढोलीत ठेवलं. कावळ्याची चोच आत पोचत नाही, उदमांजर मात्र शिरतं. शेतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं, आंब्यावर चढू नका. जेवताना मोठी आईनं विचारलं होतं, "आन वानरं? ती तर दिसभर आंब्यावरच असत्यात."

आप्पा हसले होते म्हणे. "मारुतीचं लेकरू अंड्याला तोंड लावंल व्हय? काय बोलती! म्हनून तर अंडं घेतलं. केळं ठेवलं असतं तर भ्याव होतं."

वानरांना धोका नको म्हणूनच आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी अंडं आणलं होतं.

लंगडीबद्दल सांगायला हवं. गावच्या वानरांच्या टोळीत एक मादी होती, मागचा पाय कधीतरी दुखावलेला, म्हणून लंगडी. दर शनिवारी मारुतीच्या पारावर आप्पा शेंगदाणे घेऊन बसत. बाकीची वानरं पारावर टाकलेलं उचलत; लंगडी मात्र सरळ आप्पांपुढे येऊन बसायची आणि हात पुढे करायची. काळा, कोरडा, कातडी पिशवीसारखा तळवा. आप्पा एकेक दाणा त्यावर ठेवत. लहानपणी मलाही एकदा त्यांनी दाणा द्यायला लावला होता. तिच्या बोटांचा स्पर्श थंड होता आणि फार हलका. घेताना तिनं माझ्याकडे नाही, दाण्याकडे बघितलं होतं. त्या वर्षी लंगडी व्यायली होती. छातीला चिकटलेलं काळसर पिल्लू, गुलाबी कान, म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं तोंड. पिल्लू दिसलं त्या शनिवारी आप्पांनी दुप्पट दाणे नेले.

आणि ती सकाळ. मी मांडवाखाली जठराचा धडा घोकत होते. वानराचं जठर गुरांच्या जठरासारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला जिरवण्यासाठी. पुस्तकात त्याला 'फोलिव्होरस' म्हटलं होतं, म्हणजे पालाखाऊ. मला तो शब्द फार आवडला होता. इंग्रजीतून शिकताना असे जड शब्द नीट म्हणता आले की आपण खरंच कुणीतरी होतोय असं वाटायचं. मी तो मोठ्यानं म्हणत होते, आणि आंब्यावर एकदम कालवा झाला. वानरांची ती खोल, घशातून येणारी खाकरणी, मग किंचाळ्या. मग काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज.

मी धावले. लंगडी आंब्याखाली कुशीवर पडली होती. हातपाय ताठत होते. पिल्लू तिच्या पोटाला तसंच घट्ट. तिच्या काळ्या ओठांवर, हनुवटीच्या पांढऱ्या केसांवर पिवळं काहीतरी लागलेलं होतं. मला आधी ते समजलंच नाही. आंब्याचा मोहोर असेल, असं काहीतरी मनात आलं. मग तिच्या मुठीत टरफलाचा तुकडा दिसला.

ती मरत होती हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर पहिला धक्का तो नव्हता. पहिला धक्का होता त्या पिवळ्या रंगाचा. हे असं नसतं. हे असं असूच शकत नाही. आप्पांचा मारुती आणि माझं पुस्तक, दोघांनीही एकच गोष्ट सांगितली होती.

आप्पा माझ्यामागे केव्हा येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनीही तेच पाहिलं. तोवर लंगडी निपचित झाली होती. दुसरी एक मादी सरसर खाली उतरली, आमच्याकडे दात दाखवले, पिल्लू ओढून आपल्या छातीशी घेतलं आणि वर गेली. आप्पा खाली बसले. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं तिचं तोंड पुसलं. ओठ, हनुवटी, मग मूठ उघडून बोटं. मग आंब्यावर चढून ढोलीतली उरलेली अंडी काढली आणि बांधाच्या कडेला खोल खड्डा करून पुरली.

लोक जमेपर्यंत लंगडीचं तोंड स्वच्छ होतं. आंब्याजवळून विजेची तार गेली होती. महादू गुरव, आमच्या मारुतीचा पुजारी, वर बघून म्हणाला, "तारेला चिकटली बिचारी." सगळ्यांनी माना हलवल्या. झालं, गावापुरतं कारण मिळालं. आप्पांनी उपरणं घडी करून काखेत धरलं.

आमच्याकडे वानर मेलं की माणसासारखं करतात. लंगडीला खुर्चीत बसवलं, कुंकू-गुलाल लावला, नवीन लुगड्याचा तुकडा पांघरला. टाळ-मृदंग लावून गावातून नेलं. बायकांनी दारातून पाणी घातलं. मारुतीच्या देवळामागे तिला मूठमाती दिली, आणि दहाव्याला नदीवर पिंड ठेवायचं ठरलं. विधीला कोण बसणार असा प्रश्न आला तेव्हा महादू गुरवानं क्षणाचाही विचार केला नाही. "आप्पा बसतील. त्यांच्याच हातचं खायची ती. त्यांच्यापरीस जवळचं कोन हाय तिला?"

आप्पांनी मान खाली घातली. लोकांना ते हो वाटलं.

संध्याकाळी ते अंगणात माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सुमे, तुझ्या पुस्तकात काय लिवलंय? वानर अंडं खातं का?"

ज्या वाक्यासाठी त्यांनी मला शिकवलं होतं, तेच माझ्यापुढे येऊन बसलं होतं. मी पुस्तक उघडून दाखवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते ओळींवरून बोट फिरवत राहिले. मी म्हणाले, "पाला, फुलं, शेंगा, कच्ची फळं. अंड्याचं काही नाही लिहिलेलं आप्पा."

त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग स्वतःच म्हणाले, "मग ते पिवळं काय व्हतं?"

त्यांना त्यातून सुटायला एक फट हवी होती, आणि ती फट त्यांनीच बुजवली. पुस्तक मिटून म्हणाले, "तुझ्या मास्तरला इचार. त्यांनी जास्त बघितलं असंल."

तारेचा झटका, की अंडं? गावाला शंका नव्हती. आप्पांना होती की नव्हती हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं, पण कुणीतरी शहाण्या माणसानं "नाही" म्हणावं असं वाटत होतं. एवढ्या सांभाळलेल्या आयुष्यात हे आपल्या हातून झालं नाही, असं कुणीतरी छापील अक्षरांत दाखवावं.

हॉल तिकीट आणायला मला नाशकाला जावंच लागणार होतं. प्राणिशास्त्राचे सर प्रयोगशाळेत बरण्यांवरची धूळ पुसत होते. माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, देवळाली कॅम्पची. तिचे वडील तिथे लष्कराच्या कचेरीत कारकून. मी विचारताच तीच आधी हसली. "अगं, आमच्या कॅम्पात माकडं मेसच्या खिडकीतून उकडलेली अंडी पळवतात! एकदा एकानं जवानाच्या ताटातलं ऑम्लेट नेलं."

"ती लाल तोंडाची," मी चिडून म्हणाले. "ती काहीही खातात. मी काळ्या तोंडाच्या वानराचं विचारतेय."

सरांनी फडकं खाली ठेवलं. "पुस्तकात लिहिलंय ते वानर बहुतेक वेळा काय खातं ते. ते खरंच आहे. पण एखादं वानर एखाद्या दिवशी काय खाईल हे पुस्तक कसं सांगणार? मी स्वतः पाहिलेलं नाही. पण अशक्य म्हणणार नाही. किडे खाताना तर लोकांनी पाहिलंय." मग म्हणाले, "मादी होती? पिल्लू अंगावर पीत होतं?"

"हो."

"मग काय," ते म्हणाले. "बाळंतीणच ना ती."

एवढंच. पुन्हा फडकं उचलून ते बरण्या पुसू लागले. स्पिरिटच्या त्या वासात मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मोठी आई उभी होती. गावातल्या कुणाच्याही बाळंतपणाला डिंक, खोबरं, खारीक, अळीव घेऊन लाडू वळायला बसणारी. अंगावर पाजणाऱ्या बाईला काय काय लागतं हे आमच्या घरात मी जन्मल्यापासून ऐकत होते. आणि आंब्याच्या ढोलीत अंडं ठेवलंय हे ठाऊक असूनही एकदाही ते माझ्या मनात आलं नव्हतं.

दहाव्याच्या सकाळी मी पहिल्या एस.टी.नं गावी उतरले ती तडक नदीवर गेले. सरांचं उत्तर जिभेवर घेऊन. आप्पांनी मला लांबून पाहिलं. डोकं, मिशा सगळं उतरवलेलं, ओल्या धोतरात ते फार लहान दिसत होते. मी जवळ गेले तसा त्यांनी हात वर केला. "आत्ता नको," म्हणाले.

घाटाच्या दगडावर भाताचे पिंड मांडले होते. भोवती लंगडीच्या आवडीचं सगळं होतं: भाजके शेंगदाणे, हरभऱ्याचे घाटे, केळी, गूळ, चिंचेचा कोवळा पाला. द्राक्षांचा एक घडही कुणीतरी ठेवला होता. माणसं मागे सरली. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही हलेना.

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलं. मग जवळचे एकेक करून त्याला शब्द देतात. महादू गुरव हात जोडून पुढे झाला. "लंगडे, तुझ्या लेकराला आम्ही अंतर देनार न्हाय." कावळे तसेच. कुणी म्हणालं, "दर शनवारी दानं घालू." कुणी म्हणालं, "उन्हाळाभर पारावर पानी ठिवू." मागून एक जण पुटपुटला, "केळी सोलून कशापायी ठेवली? तिला सोलायची हौस व्हती." दोघे-तिघे हसले. ऊन चढत चाललं. अन्साबाई म्हणाली, "काय तरी आडकलंय तिचं. न्हायतर कावळा आन इतका लाजरा?"

शेवटी महादू गुरव म्हणाला, "आप्पा, दर्भाचा कावळा करू. तेवढं शास्त्रात हाय. दर्भ लावला का सुटलो."

सुटलो. आप्पांना फक्त मान हलवायची होती. गवताची एक जुडी पिंडाला लागली असती, सगळे घरी जेवायला गेले असते, आणि लंगडी तारेला चिकटूनच मेली असती, कायमची.

आप्पा म्हणाले, "थांबा."

ते बैलगाडीकडे गेले. गाडीला अडकवलेल्या पिशवीत हात घातला. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या तळहातावर अंडं होतं. पळसाचं पान नाही, फडकं नाही. उघड्या हातावर, माळ घातलेल्या गळ्याखाली, छातीशी धरलेलं पांढरं अंडं. त्यांनी ते मधल्या पिंडावर ठेवलं.

मग महादू गुरव जवळजवळ ओरडलाच, "आप्पा! भ्रमिष्ट झाले का? मारुतीच्या लेकराला अंडं?"

"शेवटचं हेच खाल्लं तिनं," आप्पा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण नदीवर सगळ्यांना ऐकू गेला. "तार न्हाय. उदमांजरासाठी ढोलीत औषध घातलेलं अंडं मी ठेवलं व्हतं. मला वाटलं, वानर खानार न्हाय. तिनं खाल्लं. मीच मारलं तिला."

ते मागे सरकले. पूर्ण दोन पावलंही गेले नसतील. कावळा आला.

आता मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. कावळ्याला अंडं दिसलं तर कावळा येणारच, हे मला ठाऊक होतं. आप्पांना तर माझ्याही आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी ढोली शोधली होती. तरीही त्या काळ्या पंखांची सावली घाटावर पडली तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कावळ्यानं एक टोच मारली. टरफल फुटलं आणि पिवळा बलक पांढऱ्या भातावरून सावकाश खाली उतरला. तोच रंग.

"शिवला," कुणीतरी म्हणालं. पण नेहमीसारखी हालचाल झाली नाही. माणसं उभीच होती. आप्पांवर कुणी धावून गेलं नाही, कुणी त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. अन्साबाई मात्र मटकन वाळूत बसली. गावाला तोंड देणारी ती बाई, तिच्या तोंडातून बारीक आवाज आला, "माझ्या कोंबडीचं व्हतं ते." मग महादू गुरवानं नदीत हात धुतले, परत परत धुतले, आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "चला."

परतताना गाडीत मी आणि आप्पाच होतो. मी म्हणाले, "सरांना विचारलं मी. खाऊ शकतं म्हणाले."

"व्हय," आप्पा म्हणाले. बैलांना हाकलं. बाळंतिणीचं मी काही सांगितलं नाही. पण मोठी आईला ते सांगायची गरजच पडली नसावी. पुढे गावात कुणाचेही डिंकाचे लाडू वळायचे असले की पहिला लाडू ती गुपचूप पारावर ठेवून यायची.

त्या वर्षी मी पास झाले. शेवटच्या पेपरच्या दिवशी आप्पा सरांसाठी टोपलीभर द्राक्षं घेऊन नाशकाला आले होते. डोक्यावर नुकते उगवलेले खुरटे केस, गळा मोकळा. माळ त्यांनी काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. पुन्हा घाला असं पुष्कळांनी सांगितलं. घातली नाही. बागेचा मांडव पुढे वाढला, पण आंब्याखालची ओळ ते कधी तोडायचे नाहीत. व्यापारी विचारायचा, "ही का ठेवली?" आप्पा म्हणायचे, "ती दिलेली हाय." सकाळी त्या घडांना भोकं दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर काय येई, त्याला समाधान म्हणू की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. मी शिकवायला लागल्यावर वर्गात वानराचं खाणं सांगताना 'बहुतेक वेळा' हे दोन शब्द नेहमी घालायचे. मुलांना वाटायचं, बाईंची बोलायची सवय आहे.

नातीनं कागद दप्तरात ठेवला. तिला 'बरोबर'ची खूण मिळेल. मिळायलाच हवी. जाता जाता तिनं विचारलं, "आजी, आपण हातानं दिलं तर वानर खाईल?"

दहाव्यानंतरचा तो शनिवार. परीक्षेला निघण्याआधी मारुतीला नमस्कार करायला मी आप्पांबरोबर गेले होते. लोक पारावर होते, पण आप्पांच्या बाजूची जागा मोकळी. आप्पांनी पिशवीतले शेंगदाणे दगडावर ओतले आणि लांब जाऊन उभे राहिले. टोळी उतरली. बाकीची वानरं ढिगावर तुटून पडली. पिल्लू घेतलेली ती दुसरी मादी मात्र थांबली, दाण्यांकडे बघितलं, आणि लंगडीचं बघूनच शिकली असावी, ढीग ओलांडून सरळ आप्पांपुढे येऊन बसली. तिच्या काखेतून लंगडीचं पिल्लू बाहेर डोकावत होतं. तिनं हात पुढे केला. काळा, कोरडा तळवा, वर उघडा.

तिला कसलीच शंका नव्हती.

आप्पांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.